सॅमची उचल

अमळनेर तालुक्यातल्या ज्या गावात मी इंग्रजी शिकवते, तिथे सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांचं, साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, फिरतं. जुना हिशेब मिटतो, नवी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरते. कुणी त्याच मालकाकडे राहतो, कुणी बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जातो, आणि बाप कुठे जाणार यावर पोराची शाळा ठरते. म्हणून एप्रिलमध्ये वर्गाचं लक्ष पुस्तकात नसतंच. शाळा सकाळची, अकरापर्यंत पत्रे तापलेले, उजळणी उरकलेली. अशा वेळी नववीला धरून ठेवायचं तर गोष्ट हवी. यंदा मी टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ काढलं. पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठीत आणि मुलांचे प्रश्न अहिराणीत, असं आमचं चालायचं.

१९५४-५५ साली तीन भागांत निघालेली ही गोष्ट तशी उलटी आहे. बाकीच्या गोष्टींत लोक काहीतरी आणायला निघतात, इथे टाकायला निघतात. साऱ्या जगावर सत्ता देणारी अंगठी, ती जिथे घडली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायची. नऊ जण निघतात. अंगठी फ्रोडोकडे, आणि त्याच्या सोबतीला सॅम. फळ्यावर मी नऊ नावं लिहिली आणि मुलांना सांगितलं, बाण काढा. कोणाचा कोणाशी काय संबंध, आणि कोणाला नक्की काय हवंय?

काही बाण पटापट निघाले. एल्फ जमातीचा लेगोलस आणि ड्वार्फ जमातीचा गिमली यांचं आधी का पटत नाही, हे सांगावंच लागलं नाही. एकाच्या बापानं दुसऱ्याच्या बापाला कोंडून ठेवलं होतं, एवढं कळल्यावर वर्ग समजायचं ते समजला. बांधावरून दोन दोन पिढ्या न बोलणारी घरं गावात आहेतच. गादीचा वारस असलेल्या अरागॉर्नच्या बाबतीत मुली पुढे होत्या. दोन्ही राज्यांचा राजा झालास तरच मुलगी देईन, ही मुलीच्या बापाची, एलरॉंडची अट त्यांना अजिबात परीकथेतली वाटली नाही. एक म्हणाली, निदान तोंडावर तरी सांगितलं.

बोरोमीरवर मात्र भांडण झालं. फ्रोडोच्या हातून तो अंगठी हिसकावू पाहतो, म्हणून अर्ध्या वर्गानं त्याला चोर ठरवलं. उरलेल्यांचं म्हणणं असं, की शत्रू त्याच्याच गावाच्या वेशीवर आलाय, त्याच्याच लोकांनी आजवर मार खाल्लाय. एकशेदहा दिवस एकट्यानं प्रवास करून तो सल्ल्याला आला, आणि सल्ला काय मिळाला, तर हत्यार हातात असताना ते वितळवा! त्यात तो थोरला आणि बापाचा लाडका. पुढे तो मेल्यावरही बाप धाकट्याला ऐकवतो, की तो असता तर त्यानं अंगठी माझ्याकडे आणली असती. मुलांनी बोरोमीरच्या बाणावर ‘गाव’ लिहिलं आणि खाली ‘बाप’. मला ते बहुतेक समीक्षेपेक्षा बरं वाटलं.

फ्रोडो आणि सॅम यांच्यातल्या बाणावर पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘मैत्री’ लिहून ठेवलं होतं. त्यावर कोणी बोलतच नव्हतं. परीक्षेतही ‘एकनिष्ठ मित्र’ एवढं लिहिलं की गुण मिळतात.

मग तो जिन्याचा प्रसंग आला. फ्रोडो आणि सॅम डोंगरातल्या उभ्या पायऱ्या चढून थकून झोपलेत, फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर. वाट दाखवायला सोबत घेतलेला गोलम मधेच गायब होऊन परत येतो. त्या दोघांना जाळं विणणाऱ्या अवाढव्य कोळिणीच्या बोगद्यात नेऊन मारायचं त्यानं ठरवलेलं आहे. पण झोपलेल्या दोघांना पाहून त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरतं. डोळ्यांतली चमक विझते, एखादा थकलेला म्हातारा दिसावा तसा तो दिसतो, आणि थरथरता हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच लावतो. फ्रोडो झोपेत कण्हतो. सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो, चोरासारखा काय फिरतोस म्हणून. झालं. गोलमच्या डोळ्यांत ती हिरवी चमक परत येते.

मी म्हटलं, सॅमला मालकाची काळजी होती म्हणून तो असा वागला.

मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, त्याले पगार किती व्हता?”

वर्ग हसला. विचारणारा मुलगा वर्षभर फारसा बोललेला नव्हता. त्याचा बाप सालदार, आणि तोही त्याच वर्गातल्या एका मुलाच्या काकांकडे. मी सांगितलं, पगाराचा आकडा पुस्तकात नाही. सॅम फ्रोडोच्या घरचा माळी. त्याआधी त्याचा बाप तीच बाग सांभाळायचा, फ्रोडोच्या आधीच्या मालकाकडे, म्हणजे बिल्बोकडे. बिल्बोनं लहानपणी सॅमला लिहा-वाचायला शिकवलं होतं.

त्याच्या बापानं उचल घेतली होती का, असं त्यानं विचारलं. तसं काही नव्हतं, मी म्हटलं.

“लिहाले-वाचाले शिकाडं ना, तीच उचल.”

आता कुणी हसलं नाही. मालकाचा पुतण्या मात्र पेटला. सॅम काही गडी नव्हता, मित्र होता. “आमना सालदार घरना मानूसमायक शे,” तो म्हणाला, म्हणजे घरच्या माणसासारखा.

“मंग रातले पानी भराले तू जास का?”

इथे लाईन रात्रीची असते, मोटार रात्रीच चालते, आणि अंधारात विंचू-काट्यात बारं धरायला कोण जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग सालदाराचा मुलगाच पुन्हा म्हणाला, सोबतचे मेरी आणि पिपिन फ्रोडोला नुसतं फ्रोडो म्हणतात, सॅम एकटाच ‘मिस्टर फ्रोडो’ म्हणतो. अगदी ज्वालामुखीच्या तोंडाशीसुद्धा.

हे त्यानं टिपलं होतं. मी त्याला फळ्याजवळ बोलावलं. शर्टाच्या बाहीनं त्यानं ‘मैत्री’ पुसलं आणि तिथे काहीच लिहिलं नाही. मग खडू आडवा धरून सॅमपासून गोलमकडे एक जाड बाण काढला. असा बाण कोणाच्याच डोक्यात आला नव्हता, कारण आम्ही सगळे बाण फ्रोडोकडेच नेत होतो. त्यावर त्यानं लिहिलं, ‘जागा’.

“नवा गडी उना का जुनानी झोप उडस,” तो म्हणाला, आणि मग मराठीत समजावून सांगायला लागला. फ्रोडोनं गोलमला त्याच्या जुन्या नावानं, स्मेगल म्हणून हाक मारायला सुरुवात केली. त्याच्यावर विश्वास टाकला. वाट त्यालाच माहीत, म्हणजे आता मालकाचं काम त्याच्यावाचून अडतं. मग सॅम कशाला राहिला? डबा वाहायला? मालकाला धोका आहे ही भीती खरी आणि मालक दुसऱ्याचा होईल ही भीतीपण खरी, दोन्ही एकाच पोटात. सॅम खोटा नाही, असंही त्यानं स्वतःहून सांगितलं. तोच मालकाला शेवटी पाठीवर घेऊन डोंगर चढणार, हे मी आधीच बोलून गेले होते.

मी पुस्तकातलं एक पान शोधून काढलं. गोलम अंगठीची शपथ घेतो तेव्हा त्या दोघांकडे पाहून सॅमला क्षणभर वाटतं, की हे दोघं एकमेकांना परके नाहीत, एकमेकांच्या मनातलं यांना कळतं. सॅमला जे दिसलं त्यात त्याला स्वतःला जागा नव्हती. फ्रोडो आणि गोलम दोघांनीही अंगठी वागवलेली, तो भार काय असतो हे सॅमला तोवर ठाऊक नव्हतं. वाक्य मराठीत सांगितल्यावर मुलगा नुसता “हां” म्हणाला.

मग मी त्यांना टॉल्किनच्या एका पत्राबद्दल सांगितलं. १९६३ सालच्या त्या पत्रात तो लिहितो, की साऱ्या गोष्टीत त्याला बहुधा हाच क्षण सर्वांत शोकात्म वाटतो. सॅमला गोलममधला बदल दिसला असता, तर गोलमनं अंगठी चोरली असती खरी, पण शेवटी फ्रोडोसाठी आपणहून आगीत उडी घेतली असती, असा त्याचा अंदाज. हाच टॉल्किन असंही म्हणाला होता, की पहिल्या महायुद्धात पाहिलेले साधे शिपाई आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला असलेली माणसं सॅममध्ये उतरली आहेत, आणि ती आपल्यापेक्षा फार वरची होती. टॉल्किन स्वतः अधिकारी होता. म्हणजे सॅम त्यानं वरून पाहिलेला. आमच्या वर्गात तो त्या दिवशी खालून पाहिला गेला.

पुढे अंगठी थोडा वेळ सॅमकडे येते आणि तिचं आमिष मला सांगायचंच होतं. बोरोमीरला ती शहर वाचवायचं स्वप्न दाखवते, सॅमला बाग दाखवते. शत्रूच्या उजाड मुलखाची, मॉर्डोरची, एका हुकमासरशी फुललेली बाग, आणि तो तिचा धनी. सॅम नको म्हणतो. आपल्याला पुरेल एवढी छोटी बाग बस, राबायला आपले हात, दुसऱ्यांच्या हातांवर हुकूम चालवायचा नाही. पुतण्या यावर काही बोलला नाही. त्या मुलानं विचारलं, बाग मालकाची की स्वतःची?

शेवट मुलांना आधी फसवल्यासारखा वाटला. फ्रोडो ऐन वेळी अंगठी टाकत नाही, माझी म्हणतो. गोलम ती बोटासकट चावून तोडतो आणि नाचता नाचता आगीत पडतो. काम झालं ते ज्याला कुणीच धड वागवलं नाही त्याच्यामुळे. आखाजीला पितरांच्या नावानं विस्तवावर घास टाकतात, ती आगारी. त्याच्या नावानं आगारी कोणी टाकली का, असं एका मुलीनं विचारलं. त्याच्याशिवाय जमलंच नसतं, त्याला माफ करू, असं फ्रोडो म्हणतो, एवढंच मला सांगता आलं.

मग घराचा विषय निघाला. फ्रोडो कायमचा निघून जातो आणि घरदार सगळं सॅमला देतो.

“कागद कया का नुसतं तोंडी?”

जाण्याआधी तो सॅमला बसवून सगळे कागद दाखवतो आणि किल्ल्या हातात देतो, असं पुस्तकात आहे. मी ते सांगितलं तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा समाधानानं हसला. सॅम पुढे सात वेळा महापौर झाला, हेही सांगितलं. लगेच वर्गभर ‘सात येळ सरपंच’ सुरू झालं, आणि पुतण्यानंच विचारलं, “मॅडम, जागा राखीव व्हती का?”