तुर्कीतली कृदंतं आणि काळाची भानगड
तुर्की व्याकरणातला माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे कृदंतं, आपल्या 'आलेला', 'येणारा' टाइपचे शब्द. नामाच्या आधी ठेवले की झालं, जो-तो काही लावावं लागत नाही, त्यामुळे मराठी माणसाला ती रचना पटकन जमते. काळ मात्र तिथे वेगळ्याच पद्धतीने चालतो.

'गेलेन आदाम' घ्या. बऱ्याच पुस्तकांत या -आन, -एन वाल्या रूपाला वर्तमान कृदंत म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण 'द्युन गेलेन आदाम' म्हणजे काल आलेला माणूस आणि 'हेर ग्युन गेलेन आदाम' म्हणजे रोज येणारा माणूस, रूप तेच, काळ सांगतोय तो आधीचा शब्द. -एन फक्त एवढंच सांगतं की येण्याची क्रिया त्या माणसाची आहे.

वाचणाऱ्या माणसाऐवजी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाबद्दल बोलायचं असेल तर 'ओकुदूम किताप'. शेवटचा -उम म्हणजे 'माझं', आणि अर्थ मी वाचलेलं किंवा मी सध्या वाचत असलेलं, दोन्ही! पण अजून वाचायचं असेल तर रूपच बदलतं, 'ओकुयाजाम किताप'. म्हणजे तुर्कीने इथे एकच रेघ मारलीये, व्हायचं बाकी आहे ते एकीकडे आणि उरलेलं सगळं दुसरीकडे. आणि हे 'बाकी' आजपासून मोजायचं नाही, मुख्य क्रियापदापासून मोजायचं. 'गेलेजेक मिसाफिरी बेकलियोरदुक', म्हणजे येणार असलेल्या पाहुण्याची वाट बघत होतो, भले ती गोष्ट दहा वर्षांपूर्वीची का असेना. (मिसाफिर म्हणजे आपला मुसाफिरच, तिकडे तो पाहुणा झालाय.)

-मिश तर अजून भारी. वाक्याच्या शेवटी 'गेलमिश' आलं की अर्थ होतो 'आलाय म्हणे', बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही. पण तेच नामाच्या आधी आलं की तो 'म्हणे' गळून पडतो, 'पिश्मिश एत' म्हणजे नुसतं शिजलेलं मांस, त्यात ऐकीव काही नाही. इस्तंबूलच्या शेअर गाड्यांना दोल्मुश म्हणतात ते यातलंच, भरलेली, कारण गाडी भरली की निघते.

अशी कितीतरी कृदंतं सरळ नामं होऊन बसलीयेत. गेचमिश म्हणजे भूतकाळ, गेलेजेक म्हणजे भविष्य. हॉटेलच्या मेन्यूवर यियेजेक आणि इचेजेक दिसतं, खायचं आणि प्यायचं, तेच भविष्यवालं -एजेक. म्हणून नवीन शिकणाऱ्यांना मी सांगते की तक्ते पाठ करायच्या आधी मेन्यू आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचा. गल्लीच्या तोंडाशी 'चिकमाझ सोकाक' लिहिलेलं असेल तर आत शिरू नका, ती पलीकडे निघत नाही, काल नाही, आज नाही, उद्याही नाही, -माझ लागलं की असा कायमचा नकार असतो.