रात्री तीनलाही सर्जनला उठवा

आमच्या किडनी ट्रान्सप्लांट वॉर्डाच्या ट्रेनिंगमध्ये एक नियम आहे: नव्या किडनीची लघवी अचानक कमी झाली तर नर्सने थेट सर्जनला फोन करायचा, मग वेळ कुठलीही असो. ब्रिटनमध्ये नव्या नर्सना शिकवायला लागले तेव्हा हा नियम नुसता वाचून पुढे गेले होते. गेल्या आठवड्यात तो पाळला जाताना पाहिला.

ऑपरेशननंतर लघवी दर तासाला मोजायची. जिवंत दात्याची किडनी बहुधा टेबलावरच काम सुरू करते. कधीकधी तासाला अर्धा लिटर लघवी होते आणि त्या हिशेबाने सलाईन चढवावं लागतं, नाहीतर पेशंट कोरडा पडतो, बीपी उतरतं आणि किडनीला रक्त कमी पडतं. मृत दात्याची किडनी कधी काही दिवस काम करत नाही, डायलिसिस चालू ठेवावं लागतं. त्याला घाबरायचं नाही. घाबरायचं ते छान चाललेली लघवी एकदम थांबली तर. कॅथेटर (लघवीची नळी) दुमडला असेल, त्यात रक्ताची गुठळी अडकली असेल, बीपी पडलं असेल. किंवा किडनीच्या रक्तवाहिनीतच गुठळी झाली असेल, आणि मग किडनी वाचवायला फार थोडा वेळ हातात असतो.

म्हणून नव्या मुलींना माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: ऑपरेशनआधी पेशंटला रोज किती लघवी व्हायची? बहुतेकींनी ते विचारलेलंच नसतं. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, नवी खाली ओटीपोटात एका बाजूला बसवतात. पेशंटला आधीच दिवसाला लिटरभर लघवी होत असेल, तर यूरोमीटरमधले (लघवी मोजायच्या डब्यातले) 40 मिली जुन्या किडनीचे की नवीचे? हे अ‍ॅडमिशनलाच लिहून ठेवलं नसेल तर रात्री कुणाला विचारणार?

त्या रात्री माझ्यासोबतच्या नव्या नर्सच्या पेशंटला तासाला तीनशेच्या आसपास लघवी होत होती, ती एकदम चाळीसवर आली. तिने कॅथेटर मांडीपासून पिशवीपर्यंत हाताने तपासला, बीपी घेतलं, ओटीपोट दाबून पाहिलं, ठरलेल्या पद्धतीने कॅथेटर फ्लश केला. काही उपयोग होईना. मग तिने फोन लावला. मी शेजारीच होते, पण फोन माझ्याकडे घ्यायचा नाही हेही ट्रेनिंगच. काय झालंय, पेशंट कोण, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. चार वाक्यांत सगळं. ही पद्धत अमेरिकेच्या नौदलातून आली म्हणतात. शेवटचं वाक्य ती म्हणाली, "तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं."

सर्जन आले. डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला, किडनीचा रक्तपुरवठा व्यवस्थित होता. गुठळी कॅथेटरमध्येच होती, त्यांनी ती काढली आणि लघवी पुन्हा सुरू झाली. जाताना तिला म्हणाले, "परत असं झालं तर परत उठव." कपाळावर आठी नाही.

"तुम्ही या" असं मी तिकडे, भारतात असताना, एकाही सरांना म्हटलेलं नाही. आधी इन्चार्ज सिस्टर, मग रेसिडेंट, मग रजिस्ट्रार, आणि तिथून वर जायचं की नाही ते रजिस्ट्रार ठरवणार. यात आपल्या नर्स कुठे कमी पडतात असं मात्र कुणी समजू नये. फिस्ट्युलावर (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीवर) बोटं ठेवून थ्रिल, म्हणजे रक्ताची थरथर, लागतेय की नाही हे आमच्या बॅचची कुठलीही मुलगी क्षणात सांगायची. इथे शीर सापडली नाही की अल्ट्रासाउंड मशीन मागवतात. आणि आमच्या वॉर्डात पहिल्या रात्री एका पेशंटला एक नर्स असते. अख्खा वॉर्ड दोघींनी सांभाळणाऱ्यांशी त्याची तुलना कशी करायची? कामात आपल्या मुली तसूभरही मागे नाहीत. त्यांना फोन करायचा अधिकार कुणी दिलेला नाही, एवढंच.

बाकीचं शिकवणं सोपं आहे. टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या गोळीची) रक्तातली लेव्हल तपासायला पाठवायची असेल तर रक्त घेईपर्यंत सकाळची गोळी द्यायची नाही. गोळीचा ब्रँड परस्पर बदलायचा नाही, इथे 2012 पासून ती ब्रँडच्या नावानेच लिहून देण्याची सूचना आहे. फिस्ट्युलाच्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही. दोन-तीन ड्यूट्यांत हे अंगवळणी पडतं.

घरचे विचारतात, तिथे एवढं शिकवतेस, तर तेच इथे येऊन का शिकवत नाहीस? प्रश्न रास्त आहे. पण मुलींना फोन करायला शिकवून मी निघून जाईन, आणि पहिल्याच रात्री फोन केला म्हणून त्यांनाच बोलणी बसतील. ती कोण थांबवणार, याचं उत्तर मिळालं तर मी बॅग भरायला तयार आहे.

नव्या बॅचमध्ये दोघी आपल्याकडच्या आहेत. सरावासाठी मी झोपमोड झालेला, वैतागलेला सर्जन होते आणि त्यांना फोन करायला लावते. दोघींचं पहिलं वाक्य, "सॉरी सर, डिस्टर्ब केलं." मी फोन ठेवते आणि म्हणते, पुन्हा कर, सुरुवात लघवीच्या आकड्यापासून. काल चौथ्या खेपेला एकीने थेट आकडा सांगितला. दुसरीचा सराव उद्या पुन्हा.