फायबर टेस्टिंग: ड्रमपासून हँडओव्हरपर्यंत

फायबरची पहिली टेस्ट केबल ड्रमवर असतानाच घ्यायची. बरेच ठेकेदार ती टाळतात. मग केबल जमिनीखाली गेल्यावर कोर (केबलमधला एकेक फायबर) तुटलेला सापडला, की दोष कारखान्याचा, वाहतुकीचा की खेचणाऱ्यांचा, यावर वाद सुरू होतो. ड्रमवर प्रत्येक कोरचा ओटीडीआर ट्रेस (फायबरमध्ये प्रकाशाचे पल्स सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून काढलेला लॉसचा आलेख) जपून ठेवला असेल तर हा वाद उद्भवतच नाही. सिंगल मोड जी.६५२डी फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरला साधारण ०.३५ आणि १५५० ला ०.२० ते ०.२२ डीबी (डेसिबल) प्रति किमी लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, दिसायला हवा.

लॉस बजेट, म्हणजे लिंकमधल्या एकूण लॉसचा हिशोब, तोही केबल टाकण्याआधीच मांडा. समजा ८ किमीची जीपॉन लिंक आहे, म्हणजे एकच फायबर स्प्लिटरने अनेक ग्राहकांना वाटणारी. १३१० वर फायबरचे २.८ डीबी, १:३२ स्प्लिटरचे सुमारे १७, सहा स्प्लाइस (फायबरचे कायमचे जोड) ०.१ ने ०.६, चार कनेक्टर ०.५ ने २. एकूण २२.४. दुरुस्त्या आणि जुनेपणासाठी ३ डीबी धरले तरी बी प्लस क्लासच्या (जीपॉन उपकरणांचा एक वर्ग) २८ डीबी मर्यादेत हे बसतं. याच स्प्लिटरमागे चुकून आणखी एक १:४ लावला, तर सात-एक डीबी वाढतात आणि सगळं गणित कोसळतं.

ओटीडीआर लावताना यंत्र आणि लिंक यांच्यामध्ये लाँच केबल (जोडफायबर) हवीच, सिंगल मोडसाठी ५०० मीटर ते १ किमी. ती नसेल तर पहिला कनेक्टर डेड झोनमध्ये, म्हणजे यंत्राला जवळचं न दिसणाऱ्या पट्ट्यात, लपतो. शेवटचा कनेक्टर मोजायचा तर पलीकडच्या टोकालाही तशीच केबल लागते. पल्स रुंद ठेवला की लांबचं दिसतं, पण जवळजवळचे दोन जॉइंट एकच वाटतात.

ट्रेसवर स्प्लाइसच्या जागी लॉसऐवजी वाढ दिसली तर खूश होऊ नका. दोन फायबरचा मोड फील्ड व्यास (फायबरमधल्या प्रकाशाच्या पट्ट्याची रुंदी) वेगळा असला की असा खोटा 'गेनर' दिसतो. एका बाजूने −०.१० आणि दुसऱ्या बाजूने +०.२० आलं तर खरा लॉस त्यांची सरासरी, म्हणजे ०.०५ डीबी. स्प्लाइसचा निवाडा एकाच बाजूच्या ट्रेसवर करू नये.

दोन तरंगलांबींवर मोजण्याचं कारणही असंच व्यवहारी आहे. एखाद्या जागी १३१० वर ०.०५ आणि १५५० वर ०.४ डीबी दिसले, तर फायबर कुठेतरी वाकलंय. बहुधा क्लोजरच्या (जोड ठेवायच्या डब्याच्या) ट्रेमध्ये लूप घट्ट बसलाय. दोन्ही तरंगलांबींवर लॉस जास्त आणि जवळपास सारखाच असेल तर स्प्लाइस पुन्हा करा.

पण सगळ्यात जास्त वेळ खातो तो कचरा. कनेक्टर जोडण्याआधी प्रत्येक वेळी स्कोपखाली बघा, पुसा, पुन्हा बघा. नवा कोरा पॅचकॉर्डसुद्धा. हिरवा एपीसी (तिरकं घासलेलं टोक) निळ्या यूपीसीला (सरळ टोक) जोडला तर टोकं नीट टेकत नाहीत, लॉस आणि परावर्तन दोन्ही वाढतात. आणि पॉवर मीटरचा संदर्भ (लिंक जोडण्याआधीचं मूळ माप) घेतल्यावर सोर्सकडचा पॅचकॉर्ड हलवायचा नाही. हलवलात तर संदर्भ पुन्हा घ्या.

हँडओव्हरच्या फायलीत 'टेस्ट ओके' लिहून भागत नाही. मूळ एसओआर फायली (ओटीडीआरच्या ट्रेसच्या फायली), कोणता कोर कोणाला जोडला त्याचा तक्ता आणि प्रत्येक जॉइंटवरचा केबलच्या आवरणावर छापलेला मीटरचा आकडा, तिन्ही हवेत. फायबर नळीत किंचित पिळून बसलेलं असतं आणि क्लोजरपाशी लूप सोडलेले असतात, म्हणून ओटीडीआरचं अंतर जमिनीवरच्या अंतराहून जास्त भरतं. तो छापील आकडा नोंदवलेला नसेल, तर केबल तुटल्यावर खड्डा भलत्याच जागी खणला जातो.