सुलतानहानीची सराई आणि बेहचेतचा आजार

तुर्कस्तानात कोन्याहून अक्सरायकडे जाताना मैलोन्‌मैल झाड दिसत नाही, आणि अशा उघड्या पठारावर सुलतानहानी गावात सेल्जुक सुलतान पहिला अलाउद्दीन कैकुबाद याने १२२९ साली बांधवलेली सराई अचानक समोर येते. संगमरवरी दरवाजावर मधाच्या पोळ्यासारखे कोरीवकाम, चौकात चार कमानींवर उचललेली छोटीशी मशीद आणि मागे हिवाळ्यातील मुक्कामासाठी जाड खांबांचे अंधारे, गार दालन. येथे रेशीम मार्गावरचे काफिले उतरत, हे सांगायला माहितीफलकाची गरज भासत नाही.

मला ही वाट पाहायची होती ती एका आजारामुळे. वारंवार तोंड येणे, जननेंद्रियांवर व्रण आणि डोळ्यांच्या आतील भागाचा दाह ही लक्षणे एकाच विकाराची आहेत, असे इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ साली मांडले. मुळात हा रक्तवाहिन्यांचा दाह आहे. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर दृष्टीही जाऊ शकते. तुर्कस्तानातील काही पाहण्यांत लाखामागे ८० ते ३७० रुग्ण आढळले, तर ब्रिटनमध्ये हे प्रमाण लाखामागे एकाच्याही आत आहे. भूमध्य समुद्रापासून इराण, चीनमार्गे जपानपर्यंतच्या पट्ट्यात तो विशेष दिसतो, म्हणून त्याला ‘रेशीम मार्गाचा आजार’ म्हणू लागले.

या नावाने एक गैरसमज मात्र होतो. प्लेगची लागण होते, तशी या आजाराची माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे काफिल्यांबरोबर तो ‘पसरला’ असे म्हणता येत नाही. वाटेवरच्या लोकांची वस्ती आणि सोयरीक यांतून पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेली असेल, ती त्याची आनुवंशिक प्रवणता. एचएलए-बी५१ हा जनुकप्रकार या रुग्णांत अधिक आढळतो, हा त्या तर्काचा मुख्य आधार.

तर्क मोहक असला तरी मला तो अर्धाच पटतो. अमेरिकेतील काही मूलनिवासी समूहांत हाच जनुकप्रकार भरपूर असूनही आजार जवळजवळ दिसत नाही. जर्मनीत स्थायिक झालेल्या तुर्की वंशाच्या लोकांत त्याचे प्रमाण स्थानिक जर्मनांहून बरेच जास्त, पण तुर्कस्तानातल्यापेक्षा कमी आहे. म्हणजे रक्ताच्या वारशाइतकाच राहत्या जागेचाही काहीतरी हात असला पाहिजे. निर्जंतुक सुईने हातावर टोचून एक-दोन दिवसांनी तेथे पुळी उठते का, हे पाहण्याची चाचणीदेखील तुर्की आणि जपानी रुग्णांत पुष्कळदा सकारात्मक येते, उत्तर युरोपातील रुग्णांत क्वचितच, आणि निदान दोघांचेही तेच असते.