रेझोल्यूट ते ग्रीझ फियर्ड, ३८० किलोमीटर

नकाशावर रेझोल्यूट ते ग्रीझ फियर्ड हवाई अंतर साधारण ३८० किलोमीटर भरतं. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातली ही दोन गावं, दोन्हीकडची वस्ती दोनशेच्या आतच, मधे रस्ता नाही, सामानाचं जहाज येतं ते उन्हाळ्याच्या शेवटी वर्षातून एकदा. बाकी सगळं ट्विन ऑटर नावाच्या छोट्या विमानाच्या भरवशावर.

ओटावाहून इकॅलुइट करत रेझोल्यूटला पोचलो आणि तिथे धुक्याने अडकलो. रात्री बारालाही ऊन, पण समोरचं धावपट्टीचं टोक दिसत नाही, त्यामुळे पायलट सकाळ संध्याकाळ फक्त बघून जायचा. इथे कुणी त्यावर चिडत नाही, बसायचं आणि चहा प्यायचा.

शेवटी निघालो. विमानात पुढच्या अर्ध्या भागात जाळी टाकून सामान बांधलेलं, डायपरचे खोके, सफरचंदं, कुणाच्या तरी स्नोमोबाईलचा पार्ट, प्रत्येक खोक्यावर मार्करने घरच्या माणसाचं नाव लिहिलेलं, आणि मागे आम्ही मोजके लोक कानात बोळे घालून. दीडेक तासाचा प्रवास. खाली डेव्हन बेट, जगातलं सगळ्यात मोठं निर्मनुष्य बेट, बघून बघून डोळे दमतात पण एक घर दिसत नाही. इतक्या उत्तरेला कंपास नीट चालत नाही, म्हणून धावपट्ट्यांचे दिशा सांगणारे आकडेसुद्धा खऱ्या, म्हणजे भौगोलिक उत्तरेवरून ठरवलेले. मग जोन्स साउंडचा गोठलेला समुद्र, एकदम डोंगर अंगावर आल्यासारखे, एक वळण, आणि खडीच्या आखूड धावपट्टीवर धाडकन चाकं टेकली!

पण मला खरं सांगायचंय ते या अंतराबद्दल. १९५३ मध्ये सरकारने क्यूबेकमधल्या इनुकजुआक गावची इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं जहाजात घालून इतक्या वर आणली, दोन वर्षांनी हवं तर परत जा असं सांगून, आणि ते वचन काही पाळलं नाही. त्यातही सगळे एकत्र राहणार असं धरून निघालेल्या माणसांना जहाजावर कळलं की काही जण रेझोल्यूटला उतरणार, काही ग्रीझ फियर्डकडे. म्हणजे भावाभावांत हे ३८० किलोमीटर सरकारने घातले. मला याचा फार राग येतो. माफी मागितली ती २०१० साली.

त्याच वर्षी दोन स्मारकं झाली. ग्रीझ फियर्डला दगडातली बाई आणि तिचं पोर, नजर रेझोल्यूटकडे. रेझोल्यूटला एकटा पुरुष, नजर ग्रीझ फियर्डकडे. दोन्ही बघाच, एक बघून परत येऊ नका.

जायचं असेल तर तिकिटाला हजारो डॉलर धरा आणि पुढे मागे बरेच दिवस मोकळे ठेवा, धुकं कुणाची सुट्टी बघत नाही.