त्याच पानावर नको

९ फेब्रुवारी, रात्री

'बॅबिलॉन ५' ही अमेरिकन विज्ञानकथा मालिका पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली त्याला दीड महिना होत आला. रोज एक भाग, दिवसाची कामं आटोपल्यावर. आज दुसऱ्या पर्वातला लिफ्टचा प्रसंग आला. तो येणार हे माहीत होतं, किती मिनिटांचा आहे हेही माहीत होतं, तरी पोटात गोळा आला.

लिफ्टमध्ये दोघंच. एक वीर कोट्टो, सेंटॉरी या परग्रहवासी लोकांच्या राजदूताचा मदतनीस. गुबगुबीत, भित्रा, मनाने निर्मळ. दुसरा जकार, त्यांच्या वैरी नार्न लोकांचा राजदूत. खरं तर आता राजदूतही नाही. सेंटॉरी आरमाराने त्याच्या ग्रहावर लघुग्रहांचा मारा करून शहरंच्या शहरं पुसून टाकली आणि नंतर सभेतली त्याची जागाही काढून घेतली. या सगळ्यात वीरचा काही हात नाही. त्याने रोखण्याचा प्रयत्नच केला होता. पण एवढ्याशा जागेत त्या माणसाशेजारी गप्प उभं राहणं त्याला जमत नाही. अडखळत, शब्द शोधत तो माफी मागतो.

जकार सुरी काढतो आणि स्वतःच्याच तळहातावर फिरवतो. रक्ताचे थेंब खाली पडू लागतात. प्रत्येक थेंबामागे एकच शब्द: मेला. मेला. मेला. मग तो वीरला विचारतो, यांची माफी कशी मागशील? वीर म्हणतो, नाही मागता येणार. मग मलाही क्षमा करता येणार नाही, असं सांगून जकार निघून जातो.

तो आरडाओरडा करत नाही. आवाज इतका खाली की ऐकायला पुढे सरकावं लागतं. प्रत्येक 'मेला' वेगळा. पहिला आरोपासारखा, नंतरचे मोजदाद केल्यासारखे, आणि शेवटी तर वीर समोर आहे हेही तो विसरला असावा, असं वाटतं. मी प्रसंग तीन वेळा मागे नेऊन पाहिला. तिसऱ्यांदा फक्त वीरकडे बघत होते. स्टीफन फर्स्टला लोक विनोदी नट म्हणून ओळखत, पण इथे त्याने चेहरा नुसता उघडा ठेवलाय आणि समोरचं सगळं त्यावर पडू दिलंय. दोघंही दुय्यम भूमिकांतले. मालिकेचा नायक या प्रसंगात कुठेच नाही. त्याची आठवणही होत नाही.

जकार झालेला नट आंद्रियास कात्सुलास. त्याच्याबद्दल आज सविस्तर लिहायचं होतं, पण मन दुसरीकडेच गेलं. मागच्या वर्षी एका जवळच्या माणसाने माझी माफी मागितली तेव्हा मी लगेच म्हणाले होते, "जाऊ दे, मी विसरले." विसरले नव्हते. अजूनही विसरलेले नाही. समोरच्याची अवघडलेली अवस्था बघवेना म्हणून बोलून मोकळी झाले, एवढंच. जकार तसं करत नाही. वीर चांगला मुलगा आहे हे त्याला कळतं. तरीही जे आपल्या हातात नाही ते तो देत नाही.

झोप येईलसं वाटत नाही.

१२ फेब्रुवारी

आजच्या भागात पुन्हा लिफ्ट! तिसऱ्या पर्वाचा दुसरा भाग. या वेळी जकारबरोबर खुद्द लोंडो मोलारी, ज्याने हे युद्ध पेटवलं तो सेंटॉरी राजदूत. स्फोटात लिफ्ट अडकते, आग लागलेली, धूर भरत चाललाय. दोघांनी मिळून जोर लावला तर सुटायची थोडीफार आशा. जकार हलतच नाही. एका सेंटॉरीला मारलं तर ५०० नार्न मारले जातील असा कायदा जेत्यांनी केलाय, म्हणून त्याला लोंडोवर हात उचलता येत नाही. पण नुसतं बसून राहिलं तर लोंडो आपोआप मरेल आणि त्याबद्दल कुणाला शिक्षाही होणार नाही. सोबत आपणही मरू, त्याची त्याला पर्वा नाही. आणि तो हसू लागतो. मनापासून, पोट धरून.

परवा त्या बंद डब्यात रक्त होतं, आज हसू. नट तोच, रबराचा चेहराही तोच. हसू जास्त भयंकर वाटलं.

रबर म्हणते आहे ते शब्दशः. डोक्यापासून गालांपर्यंत फोम लेटेक्सचे तुकडे चिकटवलेले, वर ठिपके रंगवलेले, डोळ्यांत लाल काँटॅक्ट लेन्स. म्हणजे डोळेसुद्धा त्याचे स्वतःचे नाहीत. 'नटाचे डोळे बोलतात' म्हणायची आपल्याला सवय, आणि इथे तर डोळ्यांवरही रंगाचा पडदा. या रंगभूषेसाठी चित्रीकरणाच्या दिवशी काही तास खुर्चीत बसावं लागायचं. रंगभूषाकारांनी जीव ओतून काम केलंय, १९९४ साली मालिकेला रंगभूषेसाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला तो उगीच नाही. तो भाग पहिल्या पर्वातला, जकार एकटाच स्वतःसाठी ताट मांडताना गाणं म्हणतो तो.

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. कात्सुलासच्या बाबतीत आहार्याने, म्हणजे रंगभूषा-वेशभूषेने, जवळजवळ सगळी जागा व्यापली होती. उरलं काय? आवाज, मानेची ठेवण, चाल, ओठांची हालचाल आणि आतून जे येतं ते. एवढ्या भांडवलावर त्याने पाच वर्षं एक माणूस घडवला. पहिल्या भागांत जकार कपटी, रंगेल, थोडासा हास्यास्पद आहे. त्याच्याच लोकांनी सेंटॉरी वसाहतीवर हल्ला केलेला असतो. तिथून निघून तो संत म्हणावा अशा जागी पोहोचतो, आणि मधला एकही टप्पा खोटा वाटत नाही. लेखणीचं श्रेय आहेच. ११० भागांपैकी ९२ एकट्या जे. मायकेल स्ट्राझिन्स्कीने लिहिले. पण कागदावरचा जकार वेगळा आणि त्या हसण्यातला वेगळा.

१३ फेब्रुवारी

२००६ साली आजच्याच दिवशी कात्सुलास गेला. फुप्फुसाचा कर्करोग. वय ५९.

आज ठरवून वेळ काढला. क्रम मोडायचा नाही असा नियम केला होता, तो आजच्यापुरता बाजूला ठेवला.

आधी 'द फ्युजिटिव्ह' पाहिला, हॅरिसन फोर्डचा. हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा जकार कोण हेही माहीत नव्हतं. आणि जकार आवडू लागल्यावरही कितीतरी दिवस कळलं नव्हतं की फोर्डच्या बायकोला मारणारा एका हाताचा साइक्स म्हणजे हाच. कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. एखादा शेजारी वर्षानुवर्षं समोरून जावा आणि आपण त्याच्याकडे मान वर करून पाहिलेलंच नसावं, तसं काहीसं. सगळा चित्रपट त्या माणसाच्या शोधावर उभा आहे, पण तो स्वतः पडद्यावर मोजकाच वेळ येतो आणि बोलतो त्याहून कमी. शिकागोच्या लोकल गाडीत मारामारी होते, फोर्ड त्याला डब्यातल्या दांड्याला बेडीने अडकवून जातो. संपलं काम. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर याच चित्रपटासाठी टॉमी ली जोन्सला मिळालं, आणि ते योग्यच होतं. तरी आज मनात आलं की सहाय्यक अभिनेत्यांमध्येही किती मजले असतात. हा वेगळा पुरस्कार सुरू झाला १९३७ मध्ये, आणि सुरुवातीची काही वर्षं विजेत्यांना तो सोनेरी पुतळासुद्धा देत नसत, नुसता फलक द्यायचे.

'द फ्युजिटिव्ह' १९९३चा. 'बॅबिलॉन ५'चा पहिला चाचणी चित्रपटही १९९३चा. म्हणजे एकाच वर्षी लोकांनी हा माणूस एकदा स्वतःच्या चेहऱ्याने पाहिला आणि एकदा रबराच्या. स्वतःच्या चेहऱ्याने तो खुनी होता. त्याआधीही तेच: रिडली स्कॉटच्या १९८७च्या 'समवन टू वॉच ओव्हर मी'मध्ये खुनी गुंड, त्याच वर्षी 'द सिसिलियन'मध्ये डाकूंच्या टोळीतला, १९८९च्या 'नेक्स्ट ऑफ किन'मध्ये माफियाचा म्होरक्या. रुंद, खडबडीत चेहरा, जाड भुवया, खर्जातला आवाज. निर्मात्यांनी चेहरा पाहिला, काम ठरवून टाकलं. त्याचं दुःख, त्याचा विनोद, त्याची करुणा मागायला कुणी आलं नाही. तो चेहरा पूर्ण झाकला गेला तेव्हाच ते कुणीतरी मागितलं. मला या गोष्टीचा रागही येतो आणि विज्ञानकथा मालिकांबद्दल कृतज्ञताही वाटते. 'मुलांचं काहीतरी' म्हणून लोक ज्या मालिकांकडे पाठ फिरवतात, तिथे ही माणसं आपलं सर्वोत्तम काम करून गेली आहेत.

'स्टार ट्रेक'मध्येही तो होता, 'द नेक्स्ट जनरेशन'मध्ये. रोम्युलन या परग्रहवासींचा सेनानी टोमलाक. १९८९ ते १९९४ या काळात सगळे मिळून चार भाग, आणि सुरुवातीला तर तो जहाजावरच्या मोठ्या पडद्यावरच दिसतो. म्हणजे पडद्यात पडदा. तेवढ्यातही तो कॅप्टन पिकार्डशी असं गोड बोलतो की गोडव्याचीच भीती वाटावी. शेवटच्या कामांपैकी एक २००३ मधलं, 'एंटरप्राइझ'च्या एका भागात परग्रहावरच्या जहाजाचा कप्तान. तिथे तो पाहुण्या कप्तानाला छोट्या यानात बसवून ताऱ्याच्या अगदी जवळ घेऊन जातो, आपल्या आवडीची जागा मित्राला दाखवावी तसा. इतका प्रसन्न तो मला क्वचितच दिसला आहे. तो तुकडा आज मुद्दाम पाहिला.

पण हे सगळं त्याच्यात आलं कुठून, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. उत्तर पडद्याबाहेर सापडलं. सेंट लुईसच्या ग्रीक वंशाच्या घरात १९४६ साली जन्मलेला हा मुलगा नाट्यशास्त्र शिकून इंग्रज नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रूकच्या पॅरिसमधल्या नाटकमंडळीत गेला आणि पंधराएक वर्षं तिथेच राहिला. ब्रूक म्हटलं की आपल्याला त्याचं १९८५चं 'महाभारत' आठवतं. त्याच्या बरंच आधी, १९७२च्या डिसेंबरात, तो आपले नट घेऊन आफ्रिकेत गेला होता. सहारा ओलांडून अल्जीरिया, नायजर, नायजेरिया, माली. गावात पोचलं की मोकळ्या जागेत गालिचा अंथरायचा. भोवती गाव जमायचं. नटांची भाषा गावाला येत नाही, गावाची नटांना येत नाही, आणि माहितीची गोष्टही कुठली नाही. कधी गालिच्याच्या मध्यभागी नुसता बुटांचा जोड ठेवायचा आणि त्याभोवती खेळ उभा करायचा. लोक हसले तर हसले, उठून गेले तर गेले. त्या मंडळींत तरुण हेलन मिरेन होती आणि कात्सुलासही होता.

हे वाचलं तेव्हा मला लिफ्टमधला प्रसंग लख्ख दिसला. शब्दांचा आधार काढून घेतलेला असताना अनोळखी माणसापर्यंत कसं पोचायचं, हे तो त्या धुळीत बसून शिकला होता. वीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या एका गोदामात उभारलेल्या सेटवर, चेहऱ्याचा आधार काढून घेतलेला असताना, त्याला ते उपयोगी पडलं. कुणी म्हणेल मी जुळवाजुळव करते आहे. मला तसं वाटत नाही. त्याचा हात बघा. तो थेंब पडू देतो, पडलेल्या थेंबाकडे बघतो, आणि मगच शब्द उच्चारतो. आधी वस्तू, मग शब्द. गालिच्यावरच्या बुटांसारखं.

वीरचं काम करणारा स्टीफन फर्स्ट २०१७ मध्ये गेला. त्या लिफ्टमधलं आता कुणीच उरलेलं नाही. या मालिकेतली माणसं फार लवकर गेली. रिचर्ड बिग्ज, मायकेल ओ'हेअर, जेरी डॉयल, आणि २०२१ मध्ये मीरा फर्लान. भाग सुरू होताना नावं येतात तेव्हा हल्ली मी ती पुढे ढकलत नाही.

शेवटी चौथ्या पर्वातला तो प्रसंग लावला. मधल्या काळात जकारने कैद भोगली आहे, फटके खाल्ले आहेत, एक डोळा गमावला आहे. त्याचा ग्रह आता स्वतंत्र आहे आणि गादी समोर आली तरी त्याने ती नाकारली आहे. लोंडो त्याच्या खोलीवर येतो. दोन्ही लोकांनी मिळून एका निवेदनावर सही करावी, ही विनंती घेऊन. दारू ओततो, झाल्या गोष्टींबद्दल ओशाळून बोलतो. जकार बराच वेळ एक शब्द बोलत नाही. लोंडो हरून जायला निघतो, तेव्हा जकार पेला उचलतो, पितो आणि सांगतो की सही करीन. फक्त त्याच पानावर नको.

लोंडो झालेल्या पीटर ज्युरासिकच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे येतं ते वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. त्याला क्षमा मिळालेली नाही. आणि तरी काहीतरी मिळालं आहे.

मी मागच्या वर्षी त्या माणसाला "विसरले" म्हणाले, तेव्हा खरं तर मला हे म्हणायचं होतं. मला सापडलं नव्हतं, एवढंच. बोलणं आपलं अजूनही चालू आहे, कामं अडत नाहीत, एकमेकांची विचारपूस होते. सही केलेलीच आहे. पान वेगळं आहे हे मात्र मी त्याला कधी सांगितलं नाही.

पेला ठेवल्यानंतरची शांतता पुन्हा एकदा ऐकली आणि बंद केलं. उद्यापासून परत तिसरं पर्व, जिथे सोडलं तिथून.