कोळसा खाणीच्या जनसुनावणीचे तीस दिवस : माझा अनुभव

जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांच्या हरकती ऐकायची सरकारी बैठक. तिची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत येते. चंद्रपूर जिल्ह्यात आमच्या शिवाराला लागून खुली कोळसा खाण येणार, हे आम्हाला तिथूनच कळलं. पहिलं काम म्हणजे कात्रण कापून त्यावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहिणं. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे ही जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते, आणि हरकतींसाठी लोकांना किमान ३० दिवस मिळावे लागतात. दोन्ही कात्रणं जपा. दिवस कमी भरले असतील, तर तीच सगळ्यात वजनदार हरकत ठरते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सगळ्यांना समजावून सांगावी लागते : जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. दोन हजार लोक आले किंवा वीस आले, सुनावणी होते. गणसंख्येची अटच नाही. म्हणून बहिष्काराच्या मी विरोधात आहे. गाव बाहेर बसलं, तर आत कार्यवाही होते आणि ‘हरकती नगण्य’ अशी नोंद पुढे जाते. मंडप उधळला, तर गुन्हे दाखल होतात आणि पुढचे सहा महिने तरुण पोरं कोर्टाच्या चकरा मारतात. मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीसमोर जातो तो कागद. लोकांचा राग त्या कागदावर कसा उतरवायचा, यासाठीच हे तीस दिवस असतात.

अहवाल मिळवणं सोपं असायला हवं. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा मसुदा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित ग्रामपंचायतीत लोकांना पाहायला ठेवावा लागतो. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीत सारांशाची पातळ पुस्तिका तेवढी असते, मुख्य अहवाल ‘साहेबांच्या कपाटात’. अशा वेळी तोंडी वाद घालू नका. ‘अमुक तारखेला अहवाल पाहायला आलो, उपलब्ध नव्हता’ असं दोन ओळींचं पत्र तिथेच लिहा, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आम्ही अशी चार पत्रं दिली. पाचव्या दिवशी अहवाल टेबलावर आला. मोबाइलवर पान न पान टिपलं आणि प्रकरणं वाटून घेतली : पाणी, हवा, जमीन आणि पुनर्वसन, स्फोट आणि घरं. इंग्रजी वाचणारी कॉलेजची चार मुलं-मुली आणि त्यांच्या शेजारी बसून ‘हे खोटं आहे, तिथे नाला आहे’ असं सांगणारे चार शेतकरी, ही जोडी फार कामाची. एकट्या शिकलेल्याला चूक दिसत नाही, कारण त्याला ते वावर माहीत नसतं.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. उत्तराची मुदतही ३० दिवसांचीच आहे, त्यामुळे सुनावणीआधी ते येईल हे धरून चालू नका. ते पुढच्या टप्प्यासाठी लागतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. आम्ही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून परिसरातल्या निरीक्षण विहिरींच्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी मागितल्या. ही यंत्रणा वर्षातून चार वेळा पातळी मोजते, आणि त्या सरकारी आकड्यांना कोणी ‘गावकऱ्यांचे आकडे’ म्हणू शकत नाही.

पाण्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घातला. खुली खाण आसपासच्या विहिरींच्या तळापेक्षा खोल जाते. खड्ड्यात झिरपलेलं पाणी रात्रंदिवस उपसून बाहेर टाकतात, म्हणून भोवतालचं भूजल त्या खड्ड्याकडे उतरत राहतं. किती अंतरापर्यंतच्या विहिरी आटतील याचा आकडा अहवालात असतो, पण तो खडकातून पाणी किती वेगानं वाहतं या एका गृहीतावर उभा असतो. त्यामुळे विचारायचा प्रश्न हा : उपसा चाचणी (बोअरमधून पाणी उपसून पातळी कशी उतरते आणि भरते हे मोजणं) किती ठिकाणी घेतली, कोणत्या महिन्यात, आणि ती बोअर कुठे आहे? आमच्या अहवालात ती एकाच ठिकाणी घेतली होती.

मग विहिरी स्वतः मोजल्या. ३० मीटरचा फायबरचा टेप, टोकाला जड नट बांधलेला. कठड्यावर ऑइलपेंटनं बाण काढायचा आणि दर वेळी त्याच बाणापासून टेप सोडायचा. नट पाण्याला टेकला की बारीक ‘टप्’ ऐकू येतं. तिथेच चिमटीत टेप धरून आकडा वाचायचा आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची त्यातून वजा करायची. मापन पहाटे, पंप रात्रभर बंद ठेवून. इथेच बहुतेकांचं चुकतं. उपसा चालू असताना मोजलं, तर पातळी दोन-तीन मीटर खाली दिसते, आणि कंपनीचा सल्लागार त्या एका नोंदीवरून सगळी वही बाद ठरवू पाहतो. वहीत गट क्रमांक, विहिरीची एकूण खोली, पाण्याची खोली, तारीख, वेळ आणि शेतकऱ्याची सही, एवढे रकाने पुरतात. खाणीच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आत आम्हाला ६३ विहिरी सापडल्या. अहवालात पाण्याचे नमुने आठ ठिकाणचे होते, त्यांतलं एकच ठिकाण या पट्ट्यात होतं.

हवेच्या प्रकरणात आधी नमुना केंद्रांचे अक्षांश-रेखांश काढा आणि ते मोबाइलच्या नकाशात टाका. आमच्याकडे ‘गावातलं’ म्हटलेलं एक केंद्र गावापासून बऱ्याच लांब, झाडीच्या कडेला निघालं. याचं महत्त्व असं : पीएम १० म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीची २४ तासांची मर्यादा प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे. आजची पातळी अधिक खाणीमुळे वाढणारी पातळी, ही बेरीज मर्यादेच्या आत दाखवायची असते. आजची पातळीच स्वच्छ जागी मोजली, की बेरीज आपोआप आत बसते. चंद्रपूर २००९ च्या केंद्रीय मूल्यांकनातच अतिप्रदूषित क्षेत्रांत गणलं गेलं होतं. अशा जिल्ह्यात ही बेरीज कागदावर सोडून देणं म्हणजे पोरांच्या छातीशी खेळ आहे.

स्फोटांबाबत एकच मुद्दा नेमका मांडा : जवळचं घर किती मीटरवर आहे आणि ते कच्चं आहे की पक्कं. कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी गावातल्या घरांना सेकंदाला ५ मिलिमीटर ही मर्यादा लागते. मातीच्या भिंतींच्या घरांचे फोटो आत्ताच तारखेसह काढून ठेवा. नंतर भेग जुनी की नवी, हा वाद मिटवायला तेवढाच पुरावा असतो.

ग्रामसभेचा ठराव वेगळा, आणि तो घाईत करू नये. वनजमीन जात असेल, तर वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या, तर ठराव पडतो. प्रोसिडिंग बुकात त्याच बैठकीत, त्याच पानावर सह्या घ्या आणि सचिवाकडून प्रमाणित प्रत लगेच काढून घ्या. बायांनी इथे जे मुद्दे मांडले, जळण, गुरांचं पाणी, मोहफुलं, ते कुठल्याच तज्ज्ञाच्या यादीत नव्हते.

लेखी हरकत अशी लिहा : अहवालाचं पान, तिथलं विधान, प्रत्यक्ष स्थिती, पुरावा, मागणी. एका परिच्छेदात एकच मुद्दा, प्रत्येकाला क्रमांक. एकाच मजकुराच्या ५०० झेरॉक्स प्रतींची नोंद एका हरकतीसारखी होते. चाळीस शेतकऱ्यांनी आपापला गट क्रमांक आणि विहीर घालून दिलेल्या चाळीस हरकतींना चाळीस उत्तरं द्यावी लागतात. दोन प्रतींत द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्षस्थानी कोण आहे ते आधी पाहा. जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला प्रतिनिधी असायला हवा. आम्ही वीस वक्ते आधीच ठरवले होते, प्रत्येकी तीन मिनिटं : नाव, गाव, गट क्रमांक, पान क्रमांक, प्रश्न आणि शेवटी ‘हे इतिवृत्तात घ्यावं’. नोकरीचं आश्वासन मिळालेली काही मंडळी बाजूनं बोलली. त्यांना कोणी अडवायचं नाही, हे आम्ही आधीच बजावलं होतं, कारण पोट त्यांनाही आहे. सरकारी चित्रीकरण होतंच, तरी आमच्याही एका मोबाइलवर सलग चित्रीकरण ठेवलं.

खरी कसोटी लोक उठायला लागतात तेव्हा असते. कार्यवाहीचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्यावर त्याच दिवशी सही होते. तोपर्यंत दुपारचे चार वाजलेले, पोरं भुकेली, अर्धा मंडप रिकामा. आम्ही पन्नास जण फक्त यासाठी थांबवले होते, हातात आपापल्या मुद्द्यांची यादी देऊन. वाचनात उपसा चाचणीचा मुद्दा ‘पाण्याबाबत चिंता व्यक्त केली’ एवढाच आला होता. उभं राहून दुरुस्ती मागितली, पुन्हा लिहून घेतलं, पुन्हा वाचायला लावलं. त्याला पाऊण तास लागला.

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं इतिवृत्त ८ दिवसांत पुढे पाठवायचं असतं, आणि ते ग्रामपंचायतीतही लावायचं असतं. तिथे त्याचा फोटो काढून आपल्या चित्रीकरणाशी ताडून पाहा. त्यानंतर पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर तज्ज्ञ समितीच्या बैठकीची विषयपत्रिका पाहत राहायची आणि आपला प्रस्ताव दिसताच हरकतींचा संच समितीच्या सचिवांना पाठवायचा. मंजुरी निघालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपिलाला ३० दिवस मिळतात; सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० पर्यंत. नव्वदीनंतर दार बंद.

याच्याशी समांतर एक दुसरी मुदत धावत असते, आणि बरीच गावं तिथे फसतात. सरकारी कंपनीसाठी जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानं घेतली जाते. त्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली ८० टक्के संमतीची अट लागू नाही. कलम ७ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली की हरकतीला ३० दिवस मिळतात, आणि ती अधिसूचना राजपत्रात येते, गावात मुनादी होईलच असं नाही. जनसुनावणीत दिलेली हरकत तिथे धरली जात नाही, पुन्हा वेगळी द्यावी लागते.

आमचा प्रस्ताव अजून समितीपुढे आहे. दर सोमवारी एक जण परिवेश उघडतो, एक जण राजपत्र पाहतो, आणि महिन्याच्या १ तारखेला पहाटे टेप घेऊन आम्ही त्याच ६३ बाणांपाशी जातो.